मानसिक आजारावर हेवी रॉक गाणी कशी बांधावीत?

प्रश्न थोडक्यात असा: चार जणांचा हेवी रॉक बँड आहे. नैराश्य, पॅनिक (भीतीचे झटके), ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी वारंवार केलेल्या कृती), बायपोलर (उन्माद आणि नैराश्य यांचे टप्पे) अशा आजारांवर पाच-सहा गाणी करायची आहेत. गाणी खोटी वाटू नयेत, आणि ऐकणाऱ्यांत जो खरोखर आजारी आहे त्याला त्यांतून इजा होऊ नये. सुरुवात कुठून करायची?

शब्दांपासून करू नका. आधी 'अंधार', 'राक्षस', 'साखळदंड' यांनी वही भरते, मग त्यावर जमेल तितका जड रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) चढवला जातो, आणि पाचही गाणी एकाच आजाराची वाटतात. खरं तर प्रत्येक आजाराची स्वतःची चाल असते. एक हळूहळू आवळत जातो, एक दहा मिनिटांत शिखर गाठून ओसरतो, एक त्याच चार पावलांत गोल फिरत राहतो. ती चाल ठेक्यात आणि रिफमध्ये उतरली, की शब्द निम्मे लागतात. आजाराचं नाव तर बहुतेक वेळा लागतच नाही.

याचं सर्वांत जुनं आणि ठळक उदाहरण म्हणजे ब्लॅक सबाथ या बँडचं १९७० सालचं 'पॅरानॉइड'. शब्द बेसवादक गीझर बटलरचे. शीर्षकात संशयाचा आजार आहे, पण गाण्यातला माणूस संशयी नाही. त्याला कशातच आनंद सापडत नाही, आणि हे नैराश्याचं लक्षण आहे. नाव चुकलं, अवस्था अचूक पकडली, आणि गाणं टिकलं ते अवस्थेमुळे. शिवाय ते चांगलंच वेगवान आहे, म्हणजे नैराश्य संथच असायला हवं असाही नियम नाही.

नैराश्य

नैराश्य म्हणजे मोठं दुःख, ही पहिली गफलत. निदानासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं कमीत कमी दोन आठवडे टिकलेली असावी लागतात, आणि त्यांत उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. बाकीच्या लक्षणांत झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, अपराधीपणा, हालचाली मंदावणं किंवा उगाच येरझारा आणि मरणाचे विचार येतात. या यादीचा मोठा भाग शरीराचा आहे. म्हणून विव्हळणारी लीड गिटार, भरपूर रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) आणि गळा दाटून गायलेलं ध्रुवपद यांतून सुंदर दुःख तयार होतं, आजार नाही. ज्याने आजार भोगला आहे तो हे पहिल्या कडव्यात ओळखतो.

एक बांधणी करून बघा. लय मिनिटाला ६४, चार मात्रांचा बार. एक बार पावणेचार सेकंदांचा होतो, म्हणजे सोळा बारांना बरोबर एक मिनिट लागतं. हे पूर्ण मिनिट एकच पाम म्यूट केलेला (तळहाताने तारा दाबून वाजवलेला) रिफ चालू द्या. तिसरा स्वर गाळलेले पॉवर कॉर्डच ठेवा, म्हणजे सूर ना आनंदी ना दुःखी असा अधांतरी राहतो. ड्रमरने क्रॅशला (मोठ्या झांजेला) हात लावायचा नाही. किक, फ्लोअर टॉम आणि बंद हायहॅट पुरे. गायकाला तीनच सूर द्या: षड्ज, कोमल गंधार आणि खालचा कोमल निषाद. माइक तोंडापासून एक वीतभर, रिव्हर्ब शून्य, आवाज बोलण्याच्या पातळीवर.

आता ऐकणारा स्फोटाची वाट बघू लागतो, कारण हेवी रॉकने त्याला तीच सवय लावलेली आहे. स्फोट तिसऱ्या मिनिटाला द्या, पण फक्त वाद्यांना. डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) उघडेल, झांजा येतील, बेस पूर्ण भरून वाजेल, आणि गायक मात्र त्याच तीन सुरांत, त्याच आवाजात राहील. भोवती जग पूर्ण जोरात चाललं आहे आणि माणसापर्यंत त्यातलं काही पोहोचत नाही, हे एकही शब्द न वापरता कळतं. अख्ख्या गाण्याचं मर्म या एका जागेत आहे, तालमीचा अर्धा वेळ तिथेच घालवा.

हे बिघडतं तीन ठिकाणी. इतक्या संथ लयीत ड्रमर पुढे पळतो. क्लिक (हेडफोनमधला लयीचा ठोका) ६४ वर न लावता १२८ वर लावा, मधल्या ठोक्याचा आधार मिळाला की पाय स्थिरावतो. बेसवादक सूर लवकर सोडतो आणि रिफला भोकं पडतात, म्हणून पुढचा ठोका येईपर्यंत बोट उचलायचं नाही. आणि गायक दुसऱ्या-तिसऱ्या टेकनंतर (ध्वनिमुद्रणाच्या खेपेनंतर) नकळत आवाज चढवतो, कारण हेडफोनमध्ये वाद्यं मोठी झालेली असतात. त्याच्या हेडफोनमध्ये तिसऱ्या मिनिटालाही वाद्यं पहिल्या मिनिटाइतकीच ठेवा.

पॅनिक

पॅनिकचा झटका अचानक येतो, काही मिनिटांत शिखराला पोहोचतो आणि ओसरतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात, आपण आत्ता मरणार अशी खात्री वाटते. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सुसाट वाजवलेलं गाणं यासाठी निरुपयोगी आहे. साधा, रोजचा दिवस आधी ऐकू आला नाही तर काय बिघडलं हे कळणार कसं?

मिनिटाला ९६ च्या साध्या ठेक्याने सुरू करा. मग लय न वाढवता बारातून अर्धी अर्धी मात्रा कापा. अर्ध्या मात्रा मोजल्या तर आधी आठ-आठ-आठ-सात, नंतर सलग सात, नंतर सात-सहा. क्लिक तोच आहे, पण ऐकणाऱ्याचा पाय दर वेळी सम चुकतो आणि सगळं घाईला आल्यासारखं वाटतं. खरोखर लय वाढवत नेली तर मंचावर चौघं चार वेगांनी पळतात, कापलेला बार मात्र पाठ करता येतो. चार मिनिटांच्या गाण्यात शिखर साधारण दोन मिनिटं पंचवीस सेकंदांच्या आसपास ठेवा, आणि त्यानंतर विजयाचं ध्रुवपद नको. पहिला ठेका परत येऊ द्या, पण अधूनमधून एक सातचा बार राहू द्या. झटका गेल्यावरही हात बराच वेळ कापत असतात.

श्वासाचे आवाज ध्वनिमुद्रणात ठेवायचे असतील तर गायकाला सलग धापा टाकायला लावू नका. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. ज्याला आधी झटके येऊन गेले आहेत त्याला यातूनच नवा झटका येऊ शकतो. एका टेकमध्ये तीन-चार श्वास घ्या, बाकीचं जोडकाम संगणकावर करा.

बाकीचे आजार

ओसीडी म्हणजे टापटीप आवडणं नव्हे. नको असलेला विचार येतो, धास्ती चढते, कृती करावी लागते, क्षणभर सुटका होते आणि विचार परत येतो. चार बारांचं आवर्तन यासाठी जणू बेतलेलंच आहे. तीन बार तणाव ठेवा आणि चौथ्या बाराच्या शेवटच्या दोन मात्रांत मूळ कॉर्डवर उतरा. पुढच्या फेऱ्यांत ही सुटका दीड मात्रा, मग एक, मग अर्धी करा. रिफ मात्र दर वेळी तंतोतंत तोच वाजला पाहिजे. 'जिवंतपणा' यावा म्हणून गिटारवादक त्यात छोटे फेरफार करतो आणि नेमका आजार निघून जातो.

बायपोलरमध्ये कडवं नैराश्याचं आणि ध्रुवपद उन्मादाचं, ही रचना ऐकायला छान आणि माहिती म्हणून चूक आहे. उन्मादाचा टप्पा निदानात किमान सात दिवसांचा धरतात, नैराश्याचा त्याहून लांब चालतो. दर तीस सेकंदांनी मूड उलटत नाही. दोन वेगळी गाणी करा, किंवा आठ मिनिटांचं एकच, दोन भागांचं. उन्मादाच्या भागात झोप कमी, बोलणं वेगात, विचार एकावर एक चढलेले. तो भाग इतका मोहक करू नका की औषध सोडावंसं वाटेल.

सायकोसिसबद्दल (वास्तवाशी संपर्क तुटतो ती अवस्था) मात्र सावध राहा. डाव्या-उजव्या कानात कुजबुज, उलट फिरवलेली वाक्यं, मागे दबलेले आवाज हा प्रकार हेवी संगीतात सर्रास चालतो. पण या आजारात रेडिओ, टीव्ही, गाणं आपल्यालाच उद्देशून गुप्त संदेश देत आहे असं अनेकांना खरंच वाटतं. त्यांच्यासाठी लपवलेलं वाक्य ही गंमत उरत नाही. जूडास प्रीस्टवर १९९० साली नेवाडातल्या रीनोमध्ये खटला चालला तो अशाच आरोपावरून. १९८५ साली दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली होती, आणि बँडच्या १९७८ च्या अल्बममधल्या एका गाण्यात छुपा आदेश आहे असा कुटुंबांचा दावा होता. न्यायाधीशांनी बँडच्या बाजूने निकाल दिला: ऐकू येणारा आवाज श्वास आणि गिटार यांच्या योगायोगाने जुळलेला होता. तुम्ही मुद्दाम काही लपवू नका. ऐकू येणारे आवाज दाखवायचेच असतील तर स्पष्ट, ओळखीच्या, सपाट स्वरात बोलणारा माणूस ठेवा, जो गायकाच्या प्रत्येक हालचालीवर शेरा मारतो. भुताटकीच्या आवाजापेक्षा हे वास्तवाच्या पुष्कळ जवळ जातं. आणि पोस्टरवर बांधलेले हात, जाळीची खिडकी, सिरिंज हे काही नको. आजारी माणूस धोकादायक असतो, हा खोटा समज त्या चित्रांनीच पोसला आहे.

जडपणा कुठून येतो

खालचं ट्यूनिंग केलं की आपोआप जड वाटतं, हा भ्रम आहे. ड्रॉप सी मध्ये (खालची तार सी सुरापर्यंत उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये) गिटारची खालची तार सुमारे ६५ हर्ट्झवर येते. साडेपंचवीस इंची स्केलच्या गिटारवर १० ते ४६ जाडीच्या तारांचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) नेहमीचा संच तिथे ढिला पडतो. जोरात मारल्यावर सूर आधी चढतो आणि मग खाली येतो, कॉर्ड गढूळ होतो. ११ ते ५६ किंवा १२ ते ५६ घ्या, नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच जाड तारेसाठी रुंद करून घ्या, आणि इंटोनेशन (गिटारच्या मानेवर सगळीकडे सूर खरा लागणं) नव्याने लावा. मिक्समध्ये गिटारचा ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापून ती जागा बेस आणि किकला द्या. गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) तालमीतल्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ठेवा. दोन-चार ट्रॅक एकावर एक आले की घनपणा येतोच, जास्त गेनने उलट पिकचा ठोका नाहीसा होतो.

या विषयाच्या गाण्यात शब्द कळणं अत्यावश्यक आहे, कारण अर्धवट ऐकू आलेलं वाक्य कुणी उलट अर्थानेही घेऊ शकतो. व्यंजनं साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतात आणि डिस्टॉर्टेड गिटारही तिथेच गर्दी करते. गायक गात असताना गिटार ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ ते ४ डेसिबलने खाली घ्या. मास्टरिंगला (गाण्यावरच्या शेवटच्या ध्वनिप्रक्रियेला) देताना शांत आणि जड भागांतला फरक किमान सहा डेसिबल तरी उरला पाहिजे असं लिहून द्या. सगळं दाबून मोठं केलं तर वर सांगितलेला तिसऱ्या मिनिटाचा स्फोट सपाट होतो. स्पॉटिफाय तसंही गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणतं, त्यामुळे जास्त मोठा मास्टर तिथे फक्त खाली ओढला जातो.

किंकाळी एकदाच. अल्बमभर किंकाळ्या असतील तर सातवी कुणाला हलवत नाही. खरा हुंदका आला की घसा आवळतो आणि त्याच घशातून स्क्रीम काढला तर स्वरयंत्राला इजा होते. आधी दहा-पंधरा मिनिटं घसा तापवा, टोचलं किंवा खवखवलं तर तिथेच थांबा.

मुळात असलं संगीत आजारी मनाला वाईटच, असं घरचे म्हणतील. २०१५ साली क्वीन्सलँड विद्यापीठात एक्स्ट्रीम मेटल (हेवी संगीताचा सर्वांत आक्रमक प्रकार) ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी राग आणला आणि मग काहींना त्यांचं संगीत, काहींना शांतता दिली. संगीताने राग वाढवला नाही, शांततेइतकाच आराम दिला आणि प्रेरणा वाटल्याच्या नोंदी वाढल्या. प्रयोग लहान आहे आणि तो रागाचा आहे, नैराश्याचा नाही, तेव्हा त्याच्या आधारावर 'मेटल हा उपचार आहे' असं कुठे छापू नका.

शब्दांत काय नको, काय हवं

आत्महत्येची पद्धत, साधन, जागा, गोळ्यांचं नाव किंवा संख्या, शेवटची चिठ्ठी, यांतलं काहीही गाण्यात, व्हिडिओत, मुखपृष्ठावर येता कामा नये. मरण म्हणजे सुटका, शांती, किंवा गेलेल्या माणसाशी भेट, असंही नको. कलेला बंधन घालण्यासाठी हे सांगत नाही. तपशील आणि गौरव या दोन गोष्टींनी, आधीच कड्यावर उभ्या असलेल्या माणसात अनुकरणाचा धोका वाढतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. मरावंसं वाटणं मात्र गायला हरकत नाही. मेटॅलिकाच्या १९८४ च्या 'फेड टू ब्लॅक'मध्ये ते आहे, आणि त्याची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे: कडवी क्लीन गिटारवर, गायलेलं ध्रुवपद नाही, त्या जागी जड रिफ, आणि शेवटचा लांब भाग शब्द सोडून गिटारच्या हाती.

उलट्या दिशेचं उदाहरण हिप-हॉपमधलं आहे, पण कारागिरी शिकायला शैली आड येत नाही. लॉजिक या रॅपरचं २०१७ चं गाणं, ज्याचं शीर्षकच अमेरिकेच्या हेल्पलाइनचा नंबर होता. ध्रुवपद तीनदा येतं आणि दर वेळी बदलतं: आधी मरू इच्छिणारा, मग फोनच्या दुसऱ्या टोकाचा माणूस, शेवटी पुन्हा तोच पहिला, पण आता जगू इच्छिणारा. २०२१ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, गाण्याकडे सर्वाधिक लक्ष असलेल्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ कॉल जास्त आले आणि आत्महत्या २४५ ने कमी नोंदल्या गेल्या. तुमच्या गाण्यात एवढंच करा: कुठेतरी दुसरा माणूस असू द्या. दार वाजवणारा, फोन उचलणारा, नुसता शेजारी बसणारा. 'सगळं ठीक होईल' असं त्याने म्हणू नये, ते कुणालाच खरं वाटत नाही.

दुसऱ्याची कथा असेल तर शब्द त्याला दाखवून लेखी होकार घ्या, आणि तो बरा असताना घ्या. आजाराच्या ऐन भरात दिलेल्या होकाराचा पुढे पश्चात्ताप होतो.

बँडमध्येच कुणी आजारी असेल

औषधाने सर्जनशीलता मरते म्हणून गोळ्या बंद करणं, हा या क्षेत्रातला सर्वांत घातक सल्ला आहे. अडचणी खऱ्या असतात, पण त्या डॉक्टरकडे नेमक्या शब्दांत न्यायच्या. काही नैराश्यविरोधी औषधांनी तोंड कोरडं पडतं. गायकाने गाण्यागणिक दोन घोट पाणी घ्यावं आणि तरीही जमत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगावं. लिथियम या बायपोलरवरच्या औषधाने बोटांना बारीक कंप येतो आणि जलद पिकिंगमध्ये तो लगेच जाणवतो. डोस किंवा वेळ बदलून बऱ्याचदा मार्ग निघतो, पण तो डॉक्टरांनी काढायचा.

लिथियम घेणाऱ्या ड्रमरसाठी आणखी एक गोष्ट, जी मंचामागे सहसा कुणाला ठाऊक नसते. तापलेल्या दिव्यांखाली दीड तास घाम गाळून शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की रक्तातलं लिथियम वाढतं. मनगट दुखतं म्हणून वर आयब्युप्रोफेन घेतलं तर आणखी वाढतं. हात ठळकपणे थरथरणं, उलट्या, जुलाब, बोलणं अडखळणं, तोल जाणं ही विषबाधेची चिन्हं असू शकतात, आणि तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं. वेदनाशामक कुठलं चालेल हे दौऱ्याआधीच विचारून ठेवा. बायपोलर असलेल्या माणसाला जागरण हेच उन्मादाचं निमंत्रण ठरू शकतं, म्हणून कार्यक्रमानंतर रात्रभर प्रवास करायचा नाही हे वेळापत्रक आखतानाच ठरवा.

मंचावर आणि नंतर

सर्वांत जड गाणं पहिलं नको आणि शेवटचंही नको. ते मध्याच्या जरा पुढे ठेवा आणि त्यानंतर दोन-तीन गाणी अशी घ्या की लोक गाऊ शकतील. आधी वीस-तीस सेकंद साधं बोला: गाणं कशाबद्दल आहे, ज्याला नको असेल त्याने बाहेर जाऊन आलं तरी चालेल, आणि हेल्पलाइनचा नंबर कुठे लावला आहे. नंबर त्या आठवड्यात स्वतः फोन करून तपासा, बंद पडलेला नंबर नसल्यापेक्षा वाईट. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारे दिवे टाळा.

अशी गाणी ऐकून लोक रात्री उशिरा निरोप पाठवतात, आणि त्यांत काही जीव द्यायच्या टोकाला आलेल्यांचे असतात. ते गायकाने कार्यक्रमानंतर एकट्याने वाचायचे नाहीत. दोघांची पाळी लावा. उत्तर देताना उपदेश नको, थेट विचारा: "तू जीव द्यायचा विचार करतो आहेस का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बरेच जण मोकळे होतात. उत्तर हो असेल तर तो आत्ता कुठे आहे, जवळ कोण आहे हे विचारा, त्या माणसाला फोन करायला लावा, हेल्पलाइन द्या, आणि धोका तातडीचा असेल तर आपत्कालीन सेवेला स्वतः कळवा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका.

शेवटचा मुद्दा गायकाचा. कॉर्नच्या १९९४ च्या पहिल्या अल्बमच्या अखेरच्या गाण्यात गायक जोनाथन डेव्हिस ध्वनिमुद्रणातच कोसळून रडला आणि ते रडणं तसंच ठेवलं गेलं. एकदा मुद्रित होऊ शकलेली गोष्ट रोज रात्री मंचावर करता येतेच असं नाही, आणि बँडने ते गाणं पुढे अनेक वर्षं मंचापासून दूर ठेवलं. तुमच्याकडेही शब्द ज्याच्या आयुष्यातून आले आहेत, त्याला कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधीसुद्धा कारण न देता गाणं वगळण्याचा हक्क असू द्या. त्या जागी येणारं गाणं त्याच ट्यूनिंगमधलं, साधारण तेवढ्याच लांबीचं निवडा, तालमीत बसवून ठेवा आणि यादीत त्याच ओळीपुढे पेन्सिलने लिहून ठेवा.